चाकांवरच्या घरातील बिनभाड्याचे बिऱ्हाडकरू

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण मराठीत जुनी आहे. ज्याला स्थिर घर नाही, सदैव इकडून तिकडे हिंडावे लागते, अशा माणसाविषयी ती काहीशा कीव केल्याच्या सुरात वापरली जाते. परंतु अमेरिका, कॅनडा आणि युरोपातील देशांत असे पाठीवरचे बिऱ्हाड लोक मोठ्या हौसेने बाळगतात. मोटारीच्या मागे जोडलेले अथवा मोटारीतच बसविलेले एक छोटेखानी घर असते. त्यात शेगडी, शीतकपाट, पाण्याची टाकी, गाद्या-उश्या, खिडक्यांना पडदे, सारे काही असते. कॅम्पर किंवा कॅरॅव्हॅन या नावाने ते ओळखले जाते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. त्याच वर्षी केरळनेही तसेच पाऊल उचलले. तेव्हा हे घर आता केवळ परदेशच्या चित्रांत पाहावयाची वस्तू राहिलेले नाही. त्या घराबरोबर त्याच्या अडचणीही येणार, आणि त्यांतील सर्वांत चिवट अडचण लहान आहे, करडी आहे आणि तिला शेपूट आहे.

फिरते घर वर्षातून फिरते फार थोडे. ज्या प्रदेशात बर्फ पडतो तेथे शरद ऋतू संपता संपता नळातील पाणी काढून टाकतात, घराला कुलूप घालतात आणि ते अंगणाच्या कडेला किंवा शेतावरच्या छपराखाली वसंत ऋतूपर्यंत उभे राहते. मालकाच्या लेखी ते वाहन असते. उंदराच्या लेखी ते वाहन नव्हेच; ती कोरडी, वारा न लागणारी, आत कापूस आणि लोकर भरलेली एक आयती ढोली असते. शेतातील दाणे संपत आलेले असतात, रात्री गारठू लागलेल्या असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत माणसे हे घर सोडून निघून जातात. मूषक हा शब्द चोरी या अर्थाच्या ‘मुष्’ धातूशी जोडला जातो; लॅटिनमधील ‘मुस’ आणि इंग्रजीतील ‘माऊस’ हे त्याचेच सोयरे. येथे मात्र त्याला चोर म्हणणे थोडे अन्यायाचे आहे. दार उघडे ठेवून गेलेल्या घरात तो केवळ राहावयास येतो.

हा उपद्रव म्हणजे चार गाद्या फाटणे एवढाच असता, तर त्यावर इतका विचार करण्याचे कारण नव्हते. कॅलिफोर्नियातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात २०१२ च्या उन्हाळ्यात जे घडले, ते या दृष्टीने लक्षात घेण्यासारखे आहे. तेथील करी व्हिलेज या मुक्कामाच्या ठिकाणी प्रवाशांसाठी काही तंबूवजा खोल्या उभारलेल्या होत्या. थंडी लागू नये म्हणून त्यांना दुहेरी भिंती केल्या होत्या: बाहेर जाड कापड, आत टणक तक्ते, आणि मधल्या पोकळीत ऊब राखणारा थर. त्या पोकळीत उंदरांनी घरटी केली. त्या उन्हाळ्यात उद्यानात आलेल्या दहा प्रवाशांना हंटाव्हायरसचा आजार झाला आणि त्यांपैकी तिघे दगावले. दहांतील नऊ जण याच दुहेरी भिंतींच्या खोल्यांत राहिले होते. हा विषाणू अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात १९९३ मध्ये प्रथम ओळखला गेला. पांढऱ्या पोटाचा, मोठ्या डोळ्यांचा, दिसावयास अगदी गोजिरवाणा असा तेथील ‘डीअर माऊस’ त्याचा वाहक. उंदराला त्याची बाधा जाणवत नाही. परंतु त्याच्या लेंड्या व मूत्र वाळून त्यांची धूळ माणसाच्या श्वासात गेली, तर फुप्फुसात पाणी भरते. आजार झालेल्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक रोगी वाचत नाहीत, आणि त्यावर खात्रीचे असे औषध नाही. कॅम्परच्या भिंती, तळ आणि छप्पर हे सारे अशाच दुहेरी बांधणीचे असते, हे सांगितले म्हणजे योसेमिटीची गोष्ट येथे का यावी ते ध्यानात येईल.

आता हा पाहुणा आत येतो कसा? लहान उंदराला सुमारे ६ मिलिमीटरची फट पुरते. पेन्सिल ज्या भोकातून जाते, त्यातून उंदीरही जाऊ शकतो असे धरून चालावे. भोक त्याहून लहान असले तरी निर्धास्त राहता येत नाही, कारण त्याच्याजवळ कानस आहे. त्याच्या पुढच्या दातांची बाहेरची बाजू कठीण असते व आतली मऊ. त्यामुळे आतली बाजू आधी झिजते आणि दाताला पटाशीसारखी धार आपोआप राहते. हे दात जन्मभर वाढतात म्हणून उंदीर कुरतडत सुटतो, असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा. वरचे व खालचे दात एकमेकांवर घासूनही झिजतात. कुरतडणे हे त्याच्यासाठी वाट काढण्याचे आणि घरट्यासाठी चिंध्या मिळविण्याचे साधन आहे. लाकूड, प्लास्टिक, रबर, फेसाचे तक्ते, विजेच्या तारांवरील आवरण, यांपैकी काहीच त्याला अडवीत नाही.

मालक बहुधा दारे-खिडक्या तपासतो आणि समाधान पावतो. उंदीर त्या वाटेने येतच नाही. त्याचा मार्ग खालून असतो. चाकांच्या वरच्या कमानी, पाण्याचे व सांडपाण्याचे नळ जेथून तळातून बाहेर पडतात ती भोके, विजेची केबल आत ओढून घेण्याची झडप, गॅसची नळी, घराला टेकू देणाऱ्या पायांचे खाचे, या ठिकाणी कारखान्यातच बोटभर फटी राहिलेल्या असतात. त्या शोधण्याची एक युक्ती सोपी आणि बिनखर्चाची आहे. अंधार पडल्यावर आत प्रखर दिवा लावावा, ओट्याखालची व पलंगाखालची कपाटे उघडी टाकावीत, आणि बाहेर जमिनीवर पाठ टेकून तळाकडे पाहावे. जेथून उजेड झिरपतो तेथे वाट आहे. एवढी अंगमेहनत नको असलेल्या माणसाने कॅम्पर बाळगू नये, असे म्हणणे फारसे कठोर होणार नाही.

फट सापडली तरी ती कशाने बुजवावी यात पुष्कळ चूक होते. बाजारात डब्यातून फवारला जाणारा आणि फुगून घट्ट होणारा फेस मिळतो. तो दिसतो छान, परंतु एकट्याने तो उंदराला एका रात्रीचे काम आहे. भांडी घासण्याच्या तारेच्या घासणीसारखी पोलादी लोकर दातांना नकोशी होते; मात्र ओलाव्याने ती गंजून भुगा होते. त्याऐवजी तांब्याच्या तारेची विणलेली जाळी किंवा न गंजणाऱ्या पोलादाची लोकर गच्च कोंबून वरून लांबी भरावी. मोठ्या भोकावर पत्रा अथवा पाव इंची तारेची जाळी स्क्रूने बसवावी.

येथे मात्र एक सावधगिरी अत्यावश्यक आहे, आणि ती उत्साही मालक हमखास विसरतात. या घरात काही छिद्रे मुद्दाम ठेवलेली असतात. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असल्यामुळे गळती झाल्यास तो जमिनीलगत साठतो. तो निघून जावा म्हणून तळाशी वाट ठेवतात. गॅसवर चालणाऱ्या शीतकपाटाला आणि हवा तापविणाऱ्या भट्टीलाही बाहेरची हवा लागते. ही छिद्रे बंद केली तर उंदीर बाहेर राहील, परंतु आत साठलेला गॅस किंवा कोळशाच्या धुरात असतो तसा कार्बन मोनॉक्साइड वायू माणसाचा प्राण घेईल. त्यांच्यावर केवळ जाळी बसवावयाची, तीही उत्पादकाने त्या जागेसाठी सांगितलेली, आणि ती कचऱ्याने चोंदली नाही ना हे पाहात राहावयाचे. कारण उंदीर नाही आला तरी कुंभारीण माशी मातीचे घर बांधावयास येते आणि कोळी जाळे विणावयास येतो. कोळ्याला हसण्याचे कारण नाही. माझदा या जपानी कंपनीच्या एका मोटारीत पिवळसर रंगाचा एक कोळी इंधनाच्या वासाने ओढला जाऊन टाकीच्या वायुनळीत जाळे विणू लागला. टाकीला तडा जाऊन आग लागण्याचा संभव होता. २०११ मध्ये कंपनीने हजारो गाड्या परत बोलावून नळीत एक स्प्रिंग बसविली. कोळी त्या स्प्रिंगलाही पुरून उरला, आणि २०१४ मध्ये पुन्हा सुमारे ४२,००० गाड्या बोलवाव्या लागल्या.

फटी बुजविण्याचे काम कंटाळवाणे असल्याने लोक सोप्या उपायांच्या मागे लागतात. डांबराच्या गोळ्या पेरून ठेवल्या की त्यांचा वास गाद्यांत महिनोन्‌महिने मुरतो आणि बंद जागेत तो माणसालाच अपायकारक होतो. उंदीर त्यांच्या शेजारी घरटे करतो. पुदिन्याच्या अर्काचा दरवळ चार दिवसांत उडून जातो. माणसाला ऐकू न येणारा आवाज काढून उंदरांना पळविणारी यंत्रे विकली जातात. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २००१ मध्ये अशा यंत्रांच्या साठांहून अधिक उत्पादकांना व विक्रेत्यांना, दाव्यांना शास्त्रीय आधार हवा, अशी इशारापत्रे धाडली होती.

विषाचा मार्ग तर या घरात सर्वांत वाईट. विष खाल्लेला उंदीर भिंतीच्या पोकळीत जाऊन मरतो, तेथून त्याला काढता येत नाही, आणि त्याला खाणाऱ्या घुबडाच्या पोटातही ते विष जाते. उंदीर मेला म्हणजे पीडा गेली असे नसते, हा धडा हिंदुस्थानाला फार महाग पडलेला आहे. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला. पुढे १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने दाखवून दिले की, उंदीर मरून थंड पडला की त्याच्या अंगावरील पिसवा त्याला सोडतात आणि दुसरे ऊबदार शरीर शोधतात. आत शिरलेल्या उंदरासाठी साधा चाप बरा. तो भिंतीशी काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे करून ठेवावा, कारण उंदीर भिंतीच्या कडेकडेने धावतो. एक ठेवण्यापेक्षा सहा ठेवावेत. आणि चाप लावून महिनाभर तिकडे फिरकावयाचे नसेल, तर तो न लावलेलाच चांगला.

घर मिटताना अन्नाचा कण ठेवू नये, हे सांगावयास नको. परंतु साबण, मेणबत्त्या आणि कुत्र्याचे खाणेही अन्नातच मोडते, हे सांगावयास हवे. पांघरुणे व कागदी रुमाल घरात नेऊन ठेवावेत. गाडी गवतात उभी न करता खडीवर किंवा फरशीवर उभी करावी, आणि सरपणाची रास तिच्यापासून दूर असावी.

वसंतात दार उघडल्यावर लेंड्या दिसल्याच, तर पहिली ऊर्मी झाडू घेण्याची होते. तीच आवरावयाची आहे. कोरडे झाडणे म्हणजे विषारी धूळ स्वतःच्या नाकात उडविणे. आधी दारे-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबावे. मग हातमोजे घालून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी या मिश्रणाने ती जागा चिंब भिजवावी, पाच मिनिटे मुरू द्यावे, कागदाने पुसून घेऊन तो कागद बंद पिशवीत टाकावा.

डीअर माऊस भारतात नाही. परंतु उंदराच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस येथे आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने तो अनुभवला. आणि ज्याच्याजवळ कॅम्पर नाही त्याच्याजवळही बहुधा पावसाळ्यात आठवडाभर जागेवर उभी असलेली मोटार असते. बिळांत पाणी शिरले की उंदीर वर चढतात, आणि इंजिनाची कोमट, कोरडी जागा त्यांना आवडते. तारा तुटतात, गाडी सुरू होत नाही, दुरुस्तीचे बिल मोठे येते. येथेही तेच उपाय: गाडी कचऱ्याच्या ढिगापासून व झुडुपांपासून दूर लावावी, खालच्या उघड्या भागांना जाळी बसवून घ्यावी, आसनांखाली बिस्किटांचे पुडे ठेवू नयेत, आणि दोन-चार दिवसांनी बॉनेट उघडून पाहावे. अशा वेळी टोकदार नाकाची चिचुंद्री पळताना दिसली, तर तिच्यावर आळ घेण्याची घाई करू नये. ती उंदरांच्या कुळातली नव्हेच. ती झुरळे आणि किडे खाते, तारांशी तिला काही कर्तव्य नसते.