सातबारा काढा, पण खऱ्या साइटवरूनच

चोपडा-रावेरपासून शिरपूर-साक्रीपर्यंतच्या शेतकरी मंडळींनो, गूगलवर नुसतं 'सातबारा' टाकलं की खासगी साइट्स आणि जाहिरातींची गर्दी होते. पत्ता नीट वाचा: शेवटी 'महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन' असेल तरच पुढे जा. महाभूलेख या सरकारी साइटवर विभाग 'नाशिक' निवडायचा (जळगाव आणि धुळे हे आपले दोन्ही जिल्हे त्यातच येतात), मग जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर. गट आठवत नसेल तर आडनावानेही शोधता येतं, ही सोय मला फार आवडते. तिथे फुकट दिसणारा उतारा फक्त माहितीसाठी असतो. बँकेच्या कामाला डिजिटल सहीचा घ्या, तो १५ रुपयांत मिळतो. कर्ज फेडलं असेल, तर उताऱ्याच्या 'इतर अधिकार' रकान्यातला बोजा उतरलाय का, तेवढं बघाच.