उर्मिला नसलेल्यांची नाइट शिफ्ट

अंबडहून नाइट शिफ्ट करून घरी आलो, झोपलो. अकराच्या सुमारास डोळे उघडले. पंखा दिसतोय, कुकरची शिट्टी ऐकू येतेय, पण हात-पाय हलेनात! छातीवर कुणीतरी बसलंय. ओरडायला गेलो तर आवाजच फुटेना. तुमचं झालंय कधी असं?

आजीचं निदान तयार होतं. "बाहेरचं लागलंय रे, शनिवारी मारुतीला तेल वाहून ये." वाहून आलो. मग डॉक्टरकडेही गेलो.

त्यांनी सांगितलं, हा स्लीप पॅरॅलिसिस. झोपेचा 'रेम' हा टप्पा 1953 मध्ये शिकागोत अॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी जगासमोर आणला. ठळक स्वप्नं याच टप्प्यात पडतात. आपण स्वप्नातल्यासारखे धावत सुटू नये म्हणून मेंदू तेव्हा स्नायूंना कुलूप लावतो. कधी कधी जाग आधी येते, कुलूप नंतर उघडतं. काही सेकंदांचा, फार तर काही मिनिटांचा खेळ. एरवी निरुपद्रवी, पण अपुऱ्या, अवेळी झोपेत जास्त होतो.

ऐकलं आणि सोडून दिलं. आठवड्याभरात, सकाळी सातला, मुंबई नाक्याजवळ बाइकवर दोन सेकंदांचं पिक्चरच गायब! बसच्या हॉर्नने जागा झालो. ही मायक्रोस्लीप. छातीवरच्या भुताने मला काही केलं नव्हतं, या दोन सेकंदांनी मात्र संपवलं असतं.

आमच्या पंचवटीत लक्ष्मण जागा राहिला म्हणतात. लोककथा सांगते, चौदा वर्षं त्याच्या वाट्याची झोप उर्मिलेने घेतली. म्हणजे उधारी कुणाला तरी फेडावीच लागली! आपल्याला कुठली उर्मिला?

म्हणून आता नियम केलेत. खोलीला जाड पडदे, मोबाइल बाहेर. झोपायची वेळ ठरलेली. शेवटचा चहा रात्री एकलाच, कारण निम्मं कॅफिन पाचेक तासांनीही अंगात असतं. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही, तर लोळत न पडता उठून बसायचं. आणि घोरताना श्वास अडकत असेल, तर मंडळी, थट्टा नको, डॉक्टर गाठा.

मारुतीला तेल अजून वाहतो. फक्त नाइट शिफ्टच्या आठवड्यात बाइकची किल्ली आजीकडे असते. मी बसने येतो. खिडकीला डोकं टेकवून, बिनधास्त डुलक्या काढत!