प्लेग आणि मुंबईची नगररचना

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि पाहता पाहता शहर ओस पडू लागले. बंदरालगतच्या दाट वस्तीतील खोल्यांत ना उजेड पोहोचत होता, ना वारा. फारशा नियोजनाविना वाढलेल्या या शहराचा नव्याने विचार करणे आता टाळता येणार नव्हते. साथ चालू असतानाच, १८९८ मध्ये, ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ ही संस्था कायद्याने स्थापन झाली.

कोंदट, दूषित हवेमुळे रोग पसरतो, अशी त्या काळी अनेकांची समजूत होती. म्हणून समुद्राचा वारा वस्तीत शिरावा, या हेतूने प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते आखण्यात आले. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे पुढे सिद्ध झाले. समजूत चुकीची ठरली, तरी उजेड-वाऱ्याची गरज काही खोटी नव्हती.

मात्र ज्या वेगाने घरे पाडली गेली, त्या वेगाने नवी बांधली गेली नाहीत. गोदीत वा गिरणीत राबणाऱ्यांना कामाजवळच राहणे भाग होते. ते शेजारच्या गल्ल्यांत शिरले. तेथील दाटी वाढली, भाडीही चढली. ट्रस्टने कामगारांसाठी चाळी बांधल्या, परंतु गरजेच्या मानाने त्या अपुऱ्याच पडल्या.

पुढे दादर-माटुंग्याकडील मोकळ्या जागेत आधी रस्ते, गटारे व भूखंड आखले गेले आणि मग घरे उभी राहिली. तेथे राहावयास आला तो प्रामुख्याने मध्यमवर्ग.