धैर्य, वियोग, जिद्द : पडद्यावरची मराठी माणसं

डॉ. कोटनीस की अमर कहानी (१९४६) : सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. जपानी आक्रमणात जखमी झालेल्या सैनिकांवर उपचार करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. वय अवघं ३२. व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शनासोबत कोटणीसांची भूमिकाही केली.

प्रहार (१९९१) : दिग्दर्शक आणि मेजर चव्हाण, दोन्ही नाना पाटेकर. भूमिकेसाठी त्यांनी मराठा लाइट इन्फंट्रीसोबत प्रशिक्षण घेतलं. १९९९ च्या कारगिल युद्धात ते प्रत्यक्ष आघाडीवर गेले.

चंदू चॅम्पियन (२०२४) : सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते कायमचे अपंग झाले. मग ते पोहण्याकडे वळले. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण त्यांनी ३७.३३ सेकंदांत जिंकलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं हे पहिलं सुवर्ण. दिग्दर्शक कबीर खान.

बिटर सीड्स (२०११) : इथे सैन्य नाही, पण माणसं गेलेली आहेत. पांढरकवड्याच्या कापूसपट्ट्यातलं, यवतमाळ जिल्ह्यातलं तेलंग टाकळी हे गाव मिखा पेलेड यांच्या या माहितीपटाच्या केंद्रस्थानी आहे. शेतकरी वडिलांनी आत्महत्या केलेली, पत्रकार होऊ पाहणारी गावातली मुलगी बियाणं, कर्ज आणि नापिकीचा हिशेब घरोघरी विचारत फिरते.