पुरात बुडालेली गिरणी

आमच्या कासार आंबोलीहून ताम्हिणी घाट उतरला की माणगाव, पुढे महाड. २२ जुलै २०२१ ला सावित्री नदीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं. पाणी ओसरल्यावर आम्ही काही जण फावडी-घमेली घेऊन गेलो. मी मोटार रिवाइंडिंग करतो, म्हणून इन्सुलेशन तपासायचा मेगरही घेतला.

एका काकांची पिठाची गिरणी आमच्या वाट्याला आली. दगडांच्या फटीत पीठ आणि गाळ मिळून चिकट लगदा झाला होता, तो खरवडूनच काढावा लागला.

तुमच्यावर अशी वेळ आली तर सफाईआधी फोटो काढा, पंचनाम्याला लागतात. गाळ ओला असतानाच ओढा, वाळला की कुदळ घ्यावी लागते. पायात गमबूट हवेतच, पुराच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो.

आता मोटार. बाहेरून कोरडी दिसली तरी बटण दाबू नका! वाइंडिंगमध्ये ओल असते, वीज दिली की जळतं. मोटार खोलून स्वच्छ पाण्याने धुवा, चांगली सुकवा, बेअरिंग बदला आणि मेगरने इन्सुलेशन तपासूनच जोडा. अशा कितीतरी मोटारी रिवाइंडिंग न करता वाचतात. दुकानदाराचा केवढा खर्च टळतो!

पंप, मिक्सर, गिरणी, काहीही भिजलं असेल तर चालू करण्याआधी मला विचारा.