क्लच पेडल रेंगाळतंय?

आदिलाबादहून निर्मलकडे जाताना महबूब घाटात गिअर सारखे बदलावे लागतात. तिथे पेडल सावकाश वर यायला लागलं, तर लगेच क्लच प्लेट बदलायला काढू नये!

आधी क्लच ऑइलची डबी बघावी. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचला एकच डबी असते. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. ताज्या डॉट ४ दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस. पाणी मुरलं की तो १५५ पर्यंत घसरू शकतो. तळाशी काळा गाळ दिसला तर रबरी सील झिजताहेत, असं बहुधा समजावं.

पातळी घटली असेल तर मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडरपाशी ओल शोधावी. भराभर पंप केल्यावर पेडल कडक झालं, तर लाइनमध्ये हवा, ती काढावी. जुनं ऑइल बदलूनही पेडल रेंगाळलं तर मास्टरचे सील किंवा आतून फुगलेला होज तपासावा.

या डबीत इंजिन ऑइल मात्र चुकूनही ओतू नये, सगळे सील फुगतात.