माळावरील काटवन : वनस्पतींची विविधता आणि बारमाही चारा

बीड जिल्ह्याचा मोठा भाग बालाघाटच्या डोंगररांगा आणि त्यांच्या उतारावरील माळरानांनी व्यापलेला आहे. जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान सुमारे ६५० ते ७०० मि.मी. असले, तरी आष्टी, पाटोदा, शिरूर (कासार) या पश्चिमेकडील तालुक्यांत पाऊस याहून कमी आणि तोही मोजक्या सरींत पडतो. माळावर मातीचा थर जेमतेम वीतभर, खाली मुरूम व त्याखाली काळा पाषाण असतो. अशा जागी जी काटेरी झुडपे व गवते आपोआप वाढतात त्यांना आपण काटवन म्हणतो. चॅम्पियन व सेठ यांनी १९६८ मध्ये केलेल्या भारतीय वनांच्या वर्गीकरणात याला उष्णकटिबंधीय काटेरी वन असे स्वतंत्र स्थान आहे. आपल्या बोलण्यात मात्र ते 'पडीक'च असते. एकदा पडीक म्हटले की ते मोडायला कोणाचीच हरकत राहत नाही.

आपल्या जिल्ह्यात या प्रश्नाला एक वेगळी बाजू आहे. दिवाळीनंतर हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. सोबत नेलेल्या बैलांना कारखान्यावर वाढ्याचा आधार असतो. गावी राहिलेली म्हातारी माणसे शेळ्या राखतात. हंगाम संपून माणसे व बैल चैत्राच्या सुमारास परततात, तेव्हा गावात कडबा सरत आलेला असतो आणि पाऊस दोन-अडीच महिने लांब असतो. या दिवसांत माळ जनावरांना काय देऊ शकतो, हे तेथे किती जातींच्या वनस्पती आहेत आणि त्या कोणत्या प्रमाणात आहेत, यावर अवलंबून आहे. २०१८-१९ च्या दुष्काळात जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उघडाव्या लागल्या. त्याला पाऊस कारणीभूत होताच, पण मोडलेली गायरानेही कारणीभूत होती, असे आमचे मत आहे.

एकाच माळावर अनेकांचा संसार

वीतभर मातीत इतक्या वनस्पती एकत्र कशा जगतात? याचे उत्तर मुळांत आहे. मारवेल, पवना, कुसळी ही गवते वरच्या थरातील ओल पावसाळ्यातच वापरून घेतात आणि मार्गशीर्षापर्यंत वाळून जातात. बोरटी, हेकळ, तरवड या झुडपांची मुळे मुरमात उतरतात. हिवर, सौंदड (शमी) आणि बोर यांची सोटमुळे पाषाणाच्या भेगांतून आणखी खोल जातात. त्यामुळे पाण्यासाठी त्यांची एकमेकांशी फारशी ओढाताण होत नाही. नेपतीने तर पानांचाच त्याग केला आहे. तिच्या हिरव्या फांद्याच पानांचे काम करतात आणि ऐन फाल्गुन-चैत्रात ती लाल फुलांनी डवरते.

मुळांप्रमाणे त्यांचे महिनेही वेगळे आहेत. आषाढ ते कार्तिक हा गवतांचा काळ. पौष-माघात बोरे पिकतात आणि शेळ्यांना बोरीचा पाला मिळतो. उन्हाळ्यात बोर पाने गाळून विश्रांती घेते, तेव्हा सौंदडीला नवी पालवी येते आणि हिवराच्या शेंगा पिकू लागतात. उस्मानाबादी शेळीसारखे झुडपी पाल्यावर जगणारे जनावर या बदलत्या ताटावरच पोसले गेले आहे. नुसत्या गवताचा माळ माघातच संपतो आणि नुसत्या झुडपांचा माळ बैलांच्या कामाचा नाही.

शेजारच्या पिकांनाही याचा लाभ होतो. कांदा बियाण्याचे प्लॉट माघ-फाल्गुनात फुलतात आणि त्यांची बीजधारणा प्रामुख्याने मधमाश्यांवर अवलंबून असते. या माश्यांनी बाकीचे दहा महिने जगायचे कशावर? श्रावण-भाद्रपदात बोर व हिवर, पुढे तरवड, माघ-फाल्गुनात पळस, चैत्रात कडुनिंब अशी फुलांची साखळी माळावर व बांधावर असते. यातील दोन कड्या तुटल्या की माश्यांची वसाहत कमकुवत होते.

काटेरी झुडपाची आणखी एक कामगिरी सहसा लक्षात येत नाही. पक्षी बोराच्या जाळीत बसतात आणि निंबोळ्यांच्या बिया तेथेच टाकतात. काट्यांमुळे शेळीचे तोंड आत पोचत नाही, सावलीमुळे ओल टिकते आणि रोप वाढते. माळावरील कितीतरी लिंब व आपटे असे बोराच्या कुशीत वाढलेले आहेत. साफसफाई म्हणून जाळी तोडणारा पुढच्या पिढीची झाडेही तोडतो.

नुसत्या जाती मोजून भागत नाही

समजा, दोन गायरानांवर प्रत्येकी शंभर झुडपे मोजली आणि दोन्हीकडे पाचच जाती मिळाल्या. पहिल्यावर बोरटी ३०, तरवड २५, हिवर २०, हेकळ १५ व नेपती १० आहे. दुसऱ्यावर तरवड ९२ आणि बाकीच्या चार जाती प्रत्येकी दोन-दोन आहेत. कागदावर दोन्हींची जातिसंख्या सारखीच, पण दुसरे गायरान शेळीच्या दृष्टीने जवळजवळ रिकामे आहे, कारण तरवडाला जनावर तोंड लावत नाही. म्हणून विविधता पाहताना जातींची संख्या आणि त्यांच्यातील वाटणी या दोन्ही गोष्टी पाहाव्यात.

तरवड ही वाईट वनस्पती आहे असे येथे म्हणायचे नाही. घटस्थापनेच्या माळेला तिची पिवळी फुले लागतात आणि तिची साल कातडी कमावण्यासाठी वापरली जात आली आहे. मात्र शेंगवर्गीय असूनही तिच्या मुळांवर नत्राच्या गाठी येत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. माळावर तरवडच तरवड दिसू लागली, की तो अतिचराईचा पुरावा समजावा.

गवतेही अशीच साक्ष देतात. दाबडघाव व शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये भारतातील गवताळ प्रदेशांचे जे प्रकार पाडले, त्यात आपला दख्खनचा भाग पवना-मारवेल प्रकारात येतो. म्हणजे राखलेल्या माळावर या दोन गवतांना वरचे स्थान मिळायला हवे. चराई वाढली की जनावरे गोड गवते आधी संपवतात आणि कुसळी पुढे सरकते. कुसळी कोवळी असताना चांगली असते, पण कुसे धरल्यावर जनावरांच्या तोंडाला व मेंढ्यांच्या कातडीला इजा करते. त्याही पुढे गेल्यास गोखरू, घाणेरी आणि उघडा मुरूम दिसतो.

वेडी बाभूळ व सरसकट वृक्षलागवड

वेडी बाभूळ ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती असून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती भारतात आणली गेली. जनावरे तिच्या गोड शेंगा खातात, पाला खात नाहीत आणि शेणावाटे बी गावभर पसरवतात. दाट वाढलेल्या वेड्या बाभळीखाली गवत टिकत नाही. तिचे सरपण व कोळसा यांवर काही कुटुंबे अवलंबून आहेत, हेही खरे. म्हणून ती एका दमात न काढता पट्ट्यापट्ट्याने काढावी. नुसती तोडल्यास ती बुंध्यापासून पुन्हा फुटते. यासाठी शेंगा पिकण्यापूर्वी, जमिनीखाली सुमारे एक फूट खोलपर्यंत बुंधा खणून काढावा आणि मोकळ्या जागेत पहिल्या पावसावर मारवेलची ठोंबे लावावीत.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. राज्यात २०१७ ते २०१९ या काळात ५० कोटी वृक्षलागवडीचा कार्यक्रम राबविण्यात आला. वृक्ष लावण्यास कोणाचाच विरोध नसावा. परंतु चांगल्या गवताच्या माळावर खड्डे व चर खोदून एकाच जातीची रोपे लावल्यास असलेली मुळे उखडली जातात आणि रोपे जगली तरी चारा घटतो. लागवडीसाठी आधी खरोखर उजाड झालेली जागा, ओढ्याकाठ व रस्त्याकडेची जागा निवडावी.

गावाने काय करावे

प्रथम मोजणी करावी. भाद्रपद-आश्विनात गवते निसवलेली असताना ओळखणे सोपे जाते. माळाच्या वेगवेगळ्या भागांत दहा ठिकाणी दोरीने १० मीटर × १० मीटरचा चौकोन आखून त्यातील प्रत्येक जातीची झुडपे मोजावीत. त्याच चौकोनाच्या एका कोपऱ्यात १ मीटर × १ मीटर जागेतील गवतांची नोंद करावी. आठ-नऊ चौकोनांनंतर नवीन जाती सापडणे थांबले, तर मोजणी पुरेशी झाली असे समजावे. नावे गावातील मेंढपाळ व शेळ्या राखणाऱ्या आजीबाईंना विचारावीत. आमच्या अनुभवाप्रमाणे शाळा शिकलेल्यांपेक्षा त्यांना जास्त जाती ओळखता येतात. जैवविविधता कायदा, २००२ नुसार ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. ही मोजणी त्या नोंदवहीत लिहावी.

त्यानंतर गायरानाचे चार भाग पाडून दरवर्षी आळीपाळीने एक भाग पावसाळ्यापासून गवताचे बी झडेपर्यंत, म्हणजे साधारण कार्तिक अखेरपर्यंत, चराईसाठी बंद ठेवावा. उरलेल्या भागांपैकी ज्यात कुसळी जास्त आहे तेथील गवत कुसे धरण्यापूर्वी, फुलोऱ्यातच कापून वाळवावे. बंद भागातील गवत बी झडल्यावर कापून न्यावे. बीड तालुक्यातील असो की पाटोद्यातील, बहुतेक गावांत अडचण कुंपणाची नसून राखणीची असते. राखणदाराला गवताचा ठरावीक वाटा दिल्यास खर्च रोखीने करावा लागत नाही.

खासगी माळावर गावठी बोरांपैकी काहींवर सुधारित जातीचे डोळे भरता येतात. झाड मार्च-एप्रिलमध्ये छाटून नव्या फुटव्यांवर जून-जुलैत उमराणचे डोळे भरावेत. खोल सोटमूळ आधीच असल्याने अशा झाडाला पाण्याची गरज कमी भासते. मात्र जंगली बोरावर फळमाशीचा मुक्काम असतो. त्यामुळे डोळे भरलेल्या झाडांभोवतीची गळालेली किडकी फळे वेचून खोल पुरावीत. सगळी बोरे बदलू नयेत. निम्म्याहून अधिक गावठीच ठेवावीत, कारण शेळीला पाला आणि पक्ष्यांना जाळी त्यांच्यापासूनच मिळते. डोळे भरलेल्या झाडांवर खुणेचा चुना लावून ठेवल्यास शेळ्या राखणाऱ्यांचा घोटाळा होत नाही.